ऐंशीच्या पुढे जिप्सी रोड का पकडत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची २००८ ची जिप्सी किंग, पंधरा वर्षं भरल्यावर पासिंग पुन्हा करून घेतलेली. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तिला लांब शॅकल (स्प्रिंगचं टोक चेसीला, म्हणजे सांगाड्याला टांगणारे दुवे) आणि मड टायर टाकले. आता महिन्यातून एकदा संभाजीनगरहून समृद्धीने नागपूर गाठायचं असतं. काटा ऐंशीच्या पुढे गेला की गाडी लेनमध्ये हिंडायला लागते, स्टेअरिंग सारखं इकडून तिकडे सांभाळावं लागतं, शेजारून ट्रक गेला की काळजात धस्स होतं. मित्राची नवी थार त्याच रस्त्यावर ११० ला निवांत चालते. म्हणून विचारताय की जुन्या जीप-जिप्सी अशाच असतात का, यात काही दुरुस्त होण्यासारखं आहे का, की विकून थार घ्यावी.

कोल्हापुरात माझं सस्पेन्शन-स्टेअरिंगचं गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली. सुरुवात उसाच्या ट्रॉल्यांचे आणि ट्रकचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बांधण्यापासून झाली, मग जीप-जिप्सी आल्या, आता थार आणि जिम्नी. गाडी न बघता लिहितोय, त्यामुळे तुमचा नेमका कोणता पार्ट गेलाय ते इथून सांगता येणार नाही. कुठे बघायचं आणि का, ते सांगतो.

तुमच्या तक्रारीत तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: गाडीची जात, गाडीची झीज आणि तुम्ही केलेले बदल. जात बदलत नाही. झीज भरून काढता येते. बदल उलटे फिरवता येतात. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी या तिन्हींचं एकच गाठोडं बांधून आणतात आणि वर ‘जुन्या गाड्या अशाच’ अशी चिठ्ठी लावतात. माझ्या अनुभवात या गाठोड्यात जातीचा वाटा सगळ्यात लहान निघतो.

तरी आधी जातीचंच बोलू. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध कणा, आणि पाटे. पाटा दोन कामं करतो. वजन झेलतो, आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. वजन झेलायला तो मऊ हवा, ॲक्सल धरायला कडक हवा. एकाच पट्टीकडून दोन्ही करून घ्यायचं म्हटलं की कुठेतरी तडजोड आलीच. आडवा जोर आला की पाटा किंचित पिळवटतो, त्याच्या टोकाचा रबरी बुश दबतो आणि ॲक्सल केसभर तिरका होतो. मागचा ॲक्सल तिरका झाला म्हणजे तुम्ही हात न लावता गाडी मागून वळली. चाळीसला हे कळतसुद्धा नाही. ऐंशीला तुम्ही सेकंदाला बावीस मीटर जात असता, तिथे तोच केसभर तिरकेपणा तुम्हाला लेनच्या रेषेपर्यंत घेऊन जातो.

आता मापं बघा, कारण इथे लोक चुकीच्या आकड्याकडे बोट दाखवतात. ‘जिप्सी आखूड आहे म्हणून डोलते’ असं सगळे म्हणतात. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी आहे, २०२० च्या तीन दारांच्या थारचा २४५०. फरक अवघा ७५ मिमी, म्हणजे चार बोटं. रुंदी मात्र जिप्सीची १५४० आणि थारची १८२०. उंची दोघींची जवळपास सारखीच, १८५० च्या आसपास. म्हणजे थार लांब झाली नाही, पाय फाकवून उभी राहिली. गाडी उलटण्याचा ढोबळ हिशोबही हाच आहे: डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेतली सरकारी वाहन सुरक्षा संस्था २००१ च्या मॉडेलांपासून उलटण्याचं रेटिंग याच आकड्यावरून काढायला लागली. जिप्सीचं तिकडचं आखूड भावंड, सामुराय, १९८८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने अचानक वळवण्याच्या चाचणीनंतर ‘अस्वीकार्य’ ठरवलं होतं. सुझुकीने त्यावर १९९६ ला दावा लावला आणि २००४ ला तो तडजोडीत मिटला. चाचणी बरोबर होती की नाही यावर लोक अजून भांडतात. पण अरुंद आणि उंच गाडी झटक्यात दोनदा वळवू नये, यावर भांडण नाही.

ते ‘दोनदा’ महत्त्वाचं आहे. २००५ च्या सुमारास निपाणीच्या अलीकडे माझ्यासमोर कुत्रं आलं. माझीच जिप्सी, वेग ऐंशीच्या आसपास. मी उजवीकडे ओढली, कुत्रं वाचलं, आणि लेनमध्ये परत यायला डावीकडे ओढली. पहिल्या झटक्यात काहीच झालं नाही. गाडी डावीकडे कलली, डावे पाटे दबले. दुसऱ्या झटक्याला ते दबलेले पाटे सुटले आणि त्यांनी गाडीला उजवीकडे ढकललं, त्याच क्षणी वळणाचा जोरही उजवीकडेच. दोन्ही एकावर एक बसले. डावीकडची दोन्ही चाकं रस्ता सोडून उठली. किती वेळ ते विचारू नका, मला तरी तो लांबलचक वाटला. मग ती आपटली आणि सरळ झाली. त्या दिवसानंतर मी गिऱ्हाइकांना एकच सांगतो, अशा गाडीत आडवं काही आलं तर आधी ब्रेक, सरळ रेषेत. वळवायचंच झालं तर एकदा, आणि परत येताना हळू.

आता झीज. तुमची गाडी सोळा-सतरा वर्षांची आहे आणि पुढचे सांधे बदलल्याचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच. एक माणूस ड्रायव्हर सीटवर बसवा. गाडी जमिनीवरच, चाकांवर वजन राहू दे, जॅक नको. इंजिन बंद. त्याला स्टेअरिंग दोन-दोन इंच डावीकडे-उजवीकडे सारखं हलवत राहायला सांगा. तुम्ही खाली जा आणि एकेका टाय रॉड एंडवर (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक), ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) टोकावर अंगठा असा ठेवा की अर्धा सांध्याच्या बाटलीवर आणि अर्धा पिनवर येईल. चांगला सांधा तुमच्या अंगठ्याखाली एकत्र हलतो. गेलेल्या सांध्यात आधी एक भाग हलतो, मग दुसरा, आणि मध्ये एक बारीक टिचकी बसते. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. दोन्ही बाजूंचे सगळे सांधे असे चाचपले तर दहा मिनिटांत निम्मं निदान होतं, एक रुपया न देता.

त्यानंतर किंगपिन. जिप्सीच्या पुढच्या चाकाचा नकल (चाक ज्याच्यासोबत वळतं तो सांधा) वर आणि खाली एकेका किंगपिनवर आणि बेअरिंगवर फिरतो. हे बेअरिंग फार कमी कोनात हलतं, त्यामुळे रोलर रोज त्याच जागी घासून तिथे खड्डे पाडतात. मग चाक मधोमध ‘बसतं’, आणि मधूनच सुटून डुगडुगायला लागतं. साठ-सत्तरला खड्डा लागल्यावर स्टेअरिंग हातात थरथर नाचतं, तो जो वॉबल, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. नकल सुटा केला, ऑइल सील काढलं आणि स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून बघितला, तर किलो-दीड किलोला तो हलायला हवा. नुसत्या बोटाने फिरला तर बेअरिंग गेलं किंवा शिम (पातळ चकत्या) जास्त आहेत. हे काम करणारे मिस्त्री कमी झालेत, पण कळकळीने विचारा, शहरात एखादा जुना जीपवाला अजून असतोच. आणि वॉबलवर उपाय म्हणून कोणी फक्त नवा स्टेअरिंग डँपर (थरथर दाबणारा शॉकॲब्सॉर्बर) विकत असेल तर नको म्हणा. डँपर म्हणजे ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडावर धरलेली उशी.

स्टेअरिंग बॉक्सबद्दल एक इशारा. बॉक्सवर ॲडजस्टिंग स्क्रू असतो आणि प्ले (ढिलाई) दिसला की पहिला हात सगळ्यांचा तिथेच जातो. बॉक्स मधोमध सगळ्यात जास्त झिजतो, कारण आयुष्यभर गाडी सरळच चाललेली असते. मधला प्ले काढायला स्क्रू आवळला की वळणात तो जड होतो आणि स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही. घाटात ते धोक्याचं आहे. म्हणून स्क्रूला हात शेवटी लावायचा, बाकीचं सगळं घट्ट झाल्यावर. पाट्यांचे बुश आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट, सेंटर बोल्टही त्यात आले. त्यावर वेगळं लिहीत नाही, पहारीने ढोसून बघितले की कळतात.

आता तुम्ही केलेले बदल. वाईट वाटून घेऊ नका, पण माझ्या मते तुमच्या निम्म्या त्रासाचं कारण ते शॅकल आहेत. सायकल हात सोडून चालवता येते, कारण पुढचा फोर्क मागे कललेला असतो आणि चाक आपोआप सरळ होत राहतं. गाडीत यालाच कॅस्टर म्हणतात. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चेसीपासून खाली उतरतं, ॲक्सल पुढे झुकतो आणि कंपनीने दिलेला कॅस्टर कमी होतो. मग सरळ करायला कोणी उरत नाही, ते काम तुमचे हात करतात. दोनशे-तीनशे किलोमीटर असं सांभाळत गेलात की खांदे भरून येतात आणि नागपूरला उतरल्यावर वाटतं, गाडी म्हातारी झाली.

शिवाय स्टेअरिंग बॉक्स चेसीवर आणि ॲक्सल पाट्यांवर. मधली ड्रॅग लिंक मूळ उंचीला जवळपास आडवी असते. गाडी उचलली की ती तिरकी होते, आणि सस्पेन्शन खाली-वर झालं की ती चाकांना ढकलते-ओढते. पुलाच्या सांध्यावर गाडी आपोआप बाजूला उडी मारते ना, ती हीच. शॅकल मूळ मापाचे परत टाका. ते नकोच असेल तर पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर भरून काढता येतो, पण हायवेसाठी मी परत फिरण्याच्या बाजूचा. आणि हो, सरळ ॲक्सलच्या गाडीत अलाइनमेंटच्या दुकानात फक्त टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) बदलतो. कॅस्टर किंवा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) ‘करून दिले’ म्हणून कोणी पैसे मागितले तर काय फिरवलं ते दाखवायला सांगा.

मड टायरचे ठोकळे उंच आणि सुटे असतात. चिखलात तेच दात लागतात, काँक्रीटवर तेच ठोकळे वळताना वाकतात आणि गाडी रबराच्या उशीवर उभी असल्यासारखी वाटते. त्यात हवा. समृद्धीचं काँक्रीट उन्हाळ्यात तापतं, रस्ता सरळ, वेग तासन्तास एकच. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकण्याची उष्णता आतच साठते, आणि एका क्षणी त्याची साल निघते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते. तिथे टायरच्या दोषाबरोबर हवा किती असावी यावरही वाद पेटला, फोर्डने सांगितलेली २६ पीएसआय आणि टायरवाल्यांची ३०. माझ्याकडे एक मुलगा कोकणातल्या वाळूत मजा करून आला होता. वाळूसाठी हवा सोळावर उतरवलेली, भरायचं राहून गेलं आणि तशीच गाडी घाट चढून कोल्हापूरपर्यंत आणली. टायरची बाजू हाताला चटका लागेल इतकी गरम होती. हवा सकाळी थंड टायरला, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरायची, आणि चौघे व सामान असेल तर भरल्या गाडीचा आकडा. टायर दोन वर्षांपूर्वीच टाकलेत, तेवढं ठीक. पण त्यांच्या बाजूवर बनण्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते वाचा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

वाऱ्याचं राहिलं. उंच, चपट्या बाजूंची, हलकी गाडी म्हणजे शीडच. ट्रकला ओलांडताना त्याच्या पुढच्या हवेचा धक्का लागतो, आणि खोदाईतून उघड्या भरावावर किंवा इगतपुरीच्या बोगद्यातून बाहेर पडताना आडवा वारा एकदम अंगावर येतो. यावर पार्ट नाही. कॅरियरवर तंबू-पेट्या असतील तर उतरवा आणि तिथे पोचायच्या आधी वेग कमी करा, बस.

मग थार शांत का? दोन-तीन कारणं एकत्र आहेत. रुंदीचं सांगितलं. पुढे डबल विशबोन, म्हणजे डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला पत्ता नसतो. मागे अजून सरळ ॲक्सलच आहे, पण वजन झेलायला कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सल धरायला वेगळे दांडे. दोन कामांना दोन माणसं ठेवली, म्हणून दोन्ही कामं नीट. मागच्या, २०१० च्या थारला मागे पाटेच होते, दोन्ही चालवून बघितल्यात तर हा फरक शब्दांविना कळतो. पाच दारांच्या थार रॉक्सला व्हीलबेस थेट २८५० मिमी केलाय आणि मागे वॉट लिंकेज दिलंय, त्यामुळे ॲक्सल खाली-वर होताना बाजूला सरकत नाही.

सरळ ॲक्सल म्हणजे हायवेला वाईट, असं मात्र म्हणू नका. २०२३ ला आलेल्या पाच दारांच्या जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल आहेत, जिप्सीसारखेच. फक्त पाट्यांच्या जागी कॉइल आणि तीन लिंक. व्हीलबेस २५९०, उंची १७२०. वाऱ्यात तीही हलकी वाटते, पण लेन सोडत नाही. गुन्हा ॲक्सलचा नव्हता, त्याला धरणाऱ्या हातांचा होता.

आणि ईएसपी. स्टेअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय, हे दोन सेन्सर सतत ताडून बघतात. फरक पडला की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लागतो. निपाणीजवळ माझ्याकडे हे असतं, तर दुसऱ्या झटक्यात बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागला असता आणि कदाचित चाकं उठलीच नसती. थार घेणार असाल तर त्या व्हेरियंटमध्ये ईएसपी आहे का ते आधी बघा, म्युझिक सिस्टीम नंतर.

पण नव्या गाडीची मला एक वेगळीच भीती वाटते. जिप्सी ऐंशीला ओरडून सांगते, थांब. थार ११० ला गप्प असते. ग्रिप मात्र टायरमध्येच असते, सेन्सर ती वाढवू शकत नाहीत, आहे ती वाटून देतात. ८० वरून १२० ला गेलात की गाडीतली ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ब्रेकला ती सगळी जिरवावी लागते. समृद्धीची मर्यादा १२० आहे म्हणजे प्रत्येक गाडीने १२० ला जावं असं नाही. गेल्या वर्षी एका थारला तीन इंच लिफ्ट, मोठे टायर आणि बाहेर काढलेल्या रिम्स लावून एक जण आला. तक्रार तुमचीच, ‘रोड पकडत नाही’. कंपनीने पाच वर्षं डोकं लढवून जे बसवलं ते याने एका शनिवारात मोडलं होतं. मोठ्या टायरमुळे त्याचा स्पीडोमीटरही कमी दाखवत होता. शिवाय अशा बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि अपघातानंतर विमावाले ते बरोबर वाचतात.

एक जाता जाता. ‘फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावलं की हायवेला गाडी स्थिर होते’ असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर विसरा. जिप्सी आणि थार, दोघींना मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नाही. कोरड्या रस्त्यावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, आणि तो ताण गिअर-शाफ्टमध्ये पिळत जातो. वळताना गाडी पुढे सरळ सरकू बघते. फोर-एच चिखलाला, वाळूला.

विकावी की ठेवावी? दर महिन्याला बायका-मुलांना घेऊन पाचशे किलोमीटर समृद्धी करायची असेल तर त्या कामाला नवी गाडी घ्या. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, हे मी कितीही बुश बदलून भरून काढू शकत नाही. एकटे जात असाल, महिन्यातून एकदाच, तर जिप्सी सुधारा आणि ट्रकच्या लेनमध्ये ट्रकच्या वेगाने, म्हणजे ऐंशीला चला. त्या वेगाला नीट बांधलेली जिप्सी एका हाताने चालते. मी रोज चालवतो.

कामाचा क्रम: आधी हवा आणि शॅकल, कारण त्याला पैसे जवळपास लागत नाहीत. मग सांधे आणि किंगपिन. मग टो-इन. बॉक्स शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर एकाच रस्त्यावर, रविवारी पहाटे, रिकामा आणि सपाट तुकडा बघून साठला चालवा आणि स्टेअरिंगवर फक्त दोन बोटं टेकवा. एकाच बाजूला सारखी जात असेल तर ब्रेक धरतोय का किंवा टायर वेगळे आहेत का ते बघा. कधी इकडे कधी तिकडे जात असेल तर प्ले अजून कुठेतरी आहे. त्या दोन बोटांना काय लागलं ते लिहा, पुढचं त्यावर सांगतो.